अरुंद डॉगवूड आणि दरवर्षीची छाटणी

प्रति,
माननीय संपादक,

विषय : छोट्या बागेतील अरुंद डॉगवूडविषयी आपल्या पुरवणीत आलेला सल्ला

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत छोट्या बागेसाठी झाडे सुचवणारा जो लेख आला, त्यात थंड हवेच्या प्रदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी डॉगवूडच्या अरुंद वाणांचा उल्लेख पाहून मला आनंद झाला, कारण या झाडाविषयी मराठीत लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. मात्र ‘हे झाड भिंतीलगतच्या पट्टीतही मावते आणि दरवर्षी दोन्ही बाजूंनी छाटले की आटोपशीर राहते’ असे जे वाक्य त्या लेखात आहे, त्याच्या उत्तरार्धाला माझी स्पष्ट हरकत आहे आणि पूर्वार्धालाही थोडी आहे. नेमका हाच सल्ला मानून मी एक झाड गमावले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते, त्याबद्दल क्षमा असावी.

ज्यांनी हे झाड पाहिलेले नाही त्यांना आधी त्याच्या फुलाची ओळख करून द्यायला हवी. कॉर्नस, म्हणजेच डॉगवूड, या प्रजातीतील ज्या दोन जाती फुलांसाठी बागेत प्रामुख्याने लावल्या जातात, त्यांपैकी कॉर्नस फ्लोरिडा ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली आणि कॉर्नस कौसा ही जपान, कोरिया व चीनमधली. दोन्हींच्या फुलात उठून दिसणाऱ्या चार पांढऱ्या किंवा गुलाबी पाकळ्या या मुळात पाकळ्या नसतातच. बोगनवेलीचा रंगीत कागदी भाग जसा फुलाभोवतीची छदे असतो, तशीच ही छदे असतात, आणि खरी फुले मधल्या हिरवट गोंड्यात टाचणीच्या डोक्याएवढी, एकमेकांना खेटून बसलेली असतात. फ्लोरिडा पालवी फुटण्याआधी किंवा पालवीसोबत फुलतो आणि त्याच्या छदांच्या टोकाला खाच असते. कौसा साधारण महिनाभर मागाहून, पूर्ण पाने आल्यावर फुलतो आणि त्याची छदे टोकदार असतात.

ही टोकाची खाच कशी येते हे एकदा समजले की छाटणीचा सगळा प्रश्न सुटतो, म्हणून त्यावर थोडे रेंगाळते. फ्लोरिडाच्या फांदीचे टोक भर हिवाळ्यात हातात धरून पाहावे. तेथे सदऱ्याच्या गुंडीएवढी, किंचित चपटी, राखाडी रंगाची एक कळी बसलेली दिसते, आणि तिला झाकणारे चार खवले हीच पुढच्या वसंतातली छदे असतात. हिवाळाभर उघड्यावर राहिल्यामुळे खवल्याचे टोक वाळून तांबूस होते, त्यामागचा भाग मात्र वसंतात भराभर वाढतो. मध्ये टोक आखडलेले आणि दोन्ही बाजू पुढे गेलेल्या, म्हणून ती खाच. कौसाच्या कळीत हीच छदे बाहेरच्या खवल्यांच्या आड सुरक्षित असतात, त्यामुळे ती अणकुचीदार राहतात. पालवीची कळी मात्र दोन्हींत बारीक आणि निमुळती असते, त्यामुळे फुलाची कळी कोणती हे नवख्यालाही पाहताक्षणी ओळखता येते. मुद्दा असा की फुलाची ही कळी आदल्या उन्हाळ्यात फांदीच्या टोकावरच तयार होऊन बसलेली असते, आणि पानगळीनंतर ‘बाजू साफ करायला’ म्हणून कात्री चालवणारा माणूस पुढच्या वर्षीची फुले मोजून कापत असतो.

मी तेच केले. रोपवाटिकेतून आणलेले माझे पहिले झाड फ्लोरिडाचे होते. कुंडीत ते काठीसारखे सरळ दिसत होते आणि विकणाऱ्या गृहस्थांनी ते अरुंद राहील असे अगदी खात्रीने सांगितले होते. भिंतीपासून मीटरभर अंतरावर मी ते लावले. चौथ्या वर्षी त्याने आपला खरा स्वभाव दाखवला : फांद्या आडव्या, मजल्यांसारख्या एकावर एक पसरू लागल्या, कारण फ्लोरिडाची ती उपजत ठेवणच आहे आणि मोकळ्या जागेत या झाडाचा घेर त्याच्या उंचीएवढा होतो. मी दरवर्षी शरद ऋतूत भिंतीकडची आणि वाटेकडची बाजू छाटत गेले. परिणाम असा झाला की फुले फक्त शेंड्याला, जिथे माझा हात पोहोचत नव्हता तिथे येऊ लागली आणि खाली छाटलेल्या जागांतून सरळसोट, लुसलुशीत फुटवे निघाले, ज्यांच्या पानांवर दर उन्हाळ्यात सर्वात आधी भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी दिसणारी बुरशी, चढे. पुढे गवत कापायच्या यंत्राचा दोर बुंध्याला लागून साल सोलली गेली आणि खोडकिड्याने ती वाट बरोबर शोधली. या किड्याचा पतंग सालीच्या जखमांजवळ अंडी घालतो आणि अळी सालीखालचा जिवंत थर पोखरते; बाहेरून दिसतो तो फक्त चिमूटभर भुसा. सातव्या वर्षी झाड काढावे लागले. हाताच्या करवतीने तो जेमतेम मनगटाएवढा बुंधा कापायला मला जवळजवळ तास लागला, तेव्हा या लाकडापासून एकेकाळी मागावरचे धोटे का बनवीत असत हे मात्र नीट कळले. इतके घट्ट, जड आणि घासून गुळगुळीत होणारे लाकूड मी अन्यत्र पाहिलेले नाही.

झाड उपटताना जे दिसले ते माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मुळे खाली फारशी गेलीच नव्हती; बहुतेक सारी वरच्या फूटभर मातीत, चटईसारखी पसरलेली होती आणि वाटेच्या बाजूला ती फांद्यांच्या घेराच्या पुष्कळ पुढे गेली होती. भिंतीच्या बाजूला मात्र चार-दोन दोऱ्यांसारखी मुळे होती, तीही अर्धी वाळलेली. मी वरचा घेर कापत राहिले आणि खालचा घेर झाडाला मिळालाच नाही. अरुंद वाणालाही हेच लागू आहे. त्याचा माथा अरुंद असतो, मुळे अरुंद नसतात, आणि म्हणूनच ‘भिंतीलगतच्या पट्टीत मावते’ हे विधान मला अपुरे वाटते.

आता निवडीविषयी. रोपवाटिकेत ‘उभट’ आणि ‘अरुंद’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, ते तसे नाहीत. कौसाचे बहुतेक वाण तरुणपणी फुलदाणीसारखे उभट असतात आणि वय वाढेल तसे पसरतात. पाच वर्षांच्या झाडाकडे पाहून पंधरा वर्षांच्या झाडाचा अंदाज बांधणारा हमखास फसतो. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात एल्विन ऑर्टन यांनी फ्लोरिडा आणि कौसा यांचा संकर करून जे वाण तयार केले, त्यांच्याकडे पाहिले तर हे चटकन ध्यानात येते. याच दोन जातींच्या संकरातून जन्मलेली ही भावंडे, पण ‘स्टारडस्ट’ बुटके आणि पसरट, तर ‘कॉन्स्टेलेशन’ उंच आणि उभट. आणि हे उभट म्हणवणारे झाडही पूर्ण वाढल्यावर पाच मीटरच्या आसपास रुंद होते. लहान बागेत पाच मीटर म्हणजे अख्खी बाग. खरोखर खांबासारखी वाढणारी निवड कौसातच शोधावी लागते; ‘फ्लॉवर टॉवर’ हा वाण त्यांतलाच. झाड विकत घेताना म्हणूनच वाणाचे नाव असलेली पट्टी मागून घ्यावी, आणि त्यावरची रुंदी किती वर्षांच्या झाडाची आहे तेही विचारावे. बियांपासून केलेले रोप, मग ते कितीही अरुंद झाडाच्या बीचे असो, आईसारखे निघेल याची हमी नसते. हा गुण कलमानेच टिकतो.

कौसा निवडण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत डिस्क्युला नावाच्या बुरशीमुळे होणारा करपा रोग लक्षात आला आणि त्याने तेथील रानातली फ्लोरिडाची झाडे फार मोठ्या प्रमाणावर मारली. मेरीलँडमधील कॅटॉक्टिन डोंगरात आजूबाजूची झाडे मरत असताना जे झाड तगून राहिले, त्यापासून पुढे ‘अपॅलॅशियन स्प्रिंग’ हा रोगाला दाद न देणारा वाण केला गेला, यावरून संहाराची कल्पना यावी. कौसा या रोगाला सहसा बळी पडत नाही. टोकियोने 1912 मध्ये वॉशिंग्टनला चेरीची झाडे दिली आणि त्याची परतफेड म्हणून अमेरिकेने 1915 मध्ये जपानला फ्लोरिडाची झाडे पाठवली, हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्या कितीतरी आधी कौसा मात्र कोणताही समारंभ न होता पूर्वेकडून अमेरिकी बागांत पोहोचला होता, आणि आज तिथले बागवान फ्लोरिडाच्या रिकाम्या जागी बऱ्याचदा तोच लावतात.

लेखातील भिंतीच्या मुद्द्याकडे वळते. डॉगवूडला किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण 5.5 ते 6.5 सामू (पीएच) असलेली, ओलावा धरणारी पण पाणी साचू न देणारी माती लागते. भिंतीलगतची माती यांपैकी एकही अट सहसा पाळत नाही. बांधकामाच्या वेळी पडलेला सिमेंट-चुन्याचा राडा तिच्यात मिसळलेला असतो, पावसाबरोबर भिंतीतला चुना झिरपत राहतो आणि सामू वर जातो. मग मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही आणि पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. अशा वेळी खताची मात्रा वाढवणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. त्याने पिवळेपणा जात नाही, उलट वाढ कोवळी होऊन भुरीला आमंत्रण मिळते. शिवाय छपराच्या पाखेखालच्या पट्टीत पाऊस पोहोचतच नाही, आणि दुपारी तापलेली भिंत संध्याकाळपर्यंत उष्णता परत फेकत राहते. ज्या झाडाचा मूळ अधिवास मोठ्या वृक्षांच्या सावलीतला आहे, त्याच्या पानांच्या कडा अशा जागी उन्हाळा अर्धा सरण्याआधीच करपतात. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली अशी जागा उत्तम. भिंतीपासून अंतर किती असावे याचे माझे उत्तर असे की वाणाच्या पूर्ण वाढलेल्या घेराच्या निम्मे अंतर ही अगदी किमान मर्यादा समजावी आणि शक्य असेल तर त्यात एक मीटर वाढवावा, कारण खांबासारख्या झाडात पाने दाटीने असतात आणि त्यांतून वारा खेळला नाही तर पाऊस ओसरल्यावरही ती तासन्‌तास ओली राहतात.

लावण्यापूर्वी निचऱ्याची परीक्षा अवश्य घ्यावी. फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, पाणी जिरले की पुन्हा भरावा, आणि दुसऱ्या खेपेचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे दिसले तर ती जागा या झाडासाठी विसरावी किंवा माती वर चढवून उंच वाफा करावा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण खोली गोळ्याइतकीच. बुंधा जिथे पसरून मुळांत मिसळतो ती जागा मातीच्या पातळीवर किंवा बोटभर वरच दिसली पाहिजे. खोल लावलेले डॉगवूड लगेच मरत नाही, चार-पाच वर्षे कुढत राहते, त्यामुळे चूक कुठे झाली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मुळे उथळ असल्याने बुंध्याभोवती खुरप्याने उकरू नये. त्याऐवजी कुजलेला पाला किंवा लाकडाचा चुरा पाच ते आठ सेंटिमीटर जाडीने पसरावा आणि बुंध्याला मात्र तो टेकू देऊ नये. या आच्छादनाने ओल टिकते, आणि गवत कापण्याचे यंत्र खोडाजवळ जाण्याचे कारणच उरत नाही. माझे पहिले झाड एवढ्यानेही कदाचित वाचले असते.

पहिली दोन-तीन वर्षे पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला सुमारे 25 मिलिमीटर पाणी, म्हणजे दर चौरस मीटरला 25 लिटर, सावकाश आणि मुळांच्या सबंध पसाऱ्यावर द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडण्याने फक्त आच्छादन ओले होते.

कलमाच्या जोडाखालून, म्हणजे खुंटातून, फुटवे येतात. ते दिसताक्षणी बुडापासून काढावेत. खुंट बहुधा साध्या, पसरणाऱ्या रोपाचा असतो आणि त्याचा जोम कलमापेक्षा जास्त असतो, त्यामुळे दोन वर्षे दुर्लक्ष झाले की अरुंद झाडाच्या जागी एक रुंद झाड उभे राहते आणि मालक वाणाला दोष देतो. याखेरीज वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या किंवा खोडाशी फार चिंचोळा कोन करून चिकटलेल्या फांद्या, ज्या बर्फाच्या भाराने उभ्या चिरतात, त्या फुले संपल्यानंतर लगेच काढाव्यात. छाटणी म्हणतात ती या झाडाला एवढीच पुरते. एखादे वर्ष कात्री उचललीच नाही तरी बिघडत नाही.

रोप फुलावर नसताना ते डॉगवूडच आहे का, अशी शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे. पान आडवे धरून हलकेच दोन तुकडे करावेत आणि ते सावकाश दूर न्यावेत. शिरांमधून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक तंतू निघतात आणि खालचा तुकडा त्यांवर लोंबकळत राहतो. लहान मुलांना हे फार आवडते. पानांच्या शिराही कडेला समांतर अशा कमानीने टोकाकडे वळलेल्या असतात.

उष्ण प्रदेशातल्या वाचकांनी मात्र या झाडाच्या मागे लागू नये असे मला वाटते. जेथे हिवाळा नावापुरताच असतो तेथे कौसाला हवी ती विश्रांती मिळत नाही, आणि पाणी घालून थंडीची उणीव भरता येत नाही. हिमालयात मिळणारा कॉर्नस कॅपिटाटा हा याच कुळातला सदाहरित भाऊबंद फिकट पिवळ्या छदांचा आणि देखणा आहे खरा, पण तो ऐसपैस वाढतो आणि त्यालाही डोंगरातलीच हवा मानवते.

माझे दुसरे झाड खांबासारख्या कौसाचे आहे. ते भिंतीपासून अडीच मीटरवर, तेवढ्यासाठी एक वाफा मोडून लावले. पहिली तीन वर्षे त्याने एकही फूल दिले नाही, चौथ्या वर्षी मोजून अकरा दिली, आणि या वर्षी मोजणे सोडून द्यावे लागले. त्याच्या बाजूंना मी आजवर कात्री लावलेली नाही.

पानगळीनंतरची लागवड आता जवळ आली आहे आणि त्या लेखामुळे काही वाचक डॉगवूड आणण्याच्या तयारीत असतील. त्यांनी रोपाबरोबर छाटणीची कात्रीही आणण्यापूर्वी आपल्या पुढच्या पुरवणीत त्या एका वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक